विळीवरच्या हाताला सुरी देताना

पत्र:

काकू, मी मूळचा सांगलीचा, सध्या नोकरीला पुण्यात. आई विश्रामबागेत गेली चौदा वर्षं डबे करते. रोज पंचवीस डबे, म्हणजे चार-पाच किलो भाजी आणि वर कांदे. सगळं चिरणं विळीवर. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी खाली बसायचं बंद करायला सांगितलं. आता ती ओट्यापाशी उभी राहून एका जुन्या सुरीनं चिरते. दुप्पट वेळ लागतो, मनगट दुखतं ते वेगळंच. दसऱ्याला घरी येताना तिला चांगली सुरी न्यावी म्हणतोय. ऑनलाइन एक जपानी नावाचा आठ सुऱ्यांचा सेट बघून ठेवलाय, लाकडी स्टँडसकट, पंधरा हजाराच्या आसपास. पात्यावर लाटांसारखी नक्षी आहे, दिसतो भारी. पण मावशी म्हणते, धारेची वस्तू भेट देऊ नये, नात्यात तोड येते. आणि आई म्हणते, "मला कशाला सुरी? माझी इळी काय वाईट हाय?" घेऊ का नको? घ्यायची तर हा सेट बरा का?

एक वाचक, पुणे

उत्तर:

घे, आणि याच दसऱ्याला घे. फक्त तो आठ सुऱ्यांचा सेट घेऊ नकोस.

आठांतल्या किती सुऱ्या तुझी आई हातात धरेल? एक मोठी आणि एक लहान. संपलं. त्या स्टँडात एक लांब दातेरी सुरी असते ती पाव कापायला, आणि तुमच्या घरी रोज पंचवीस डब्यांच्या पोळ्या होतात. एखादी हाडापासून मांस सोडवायची असते, एखादी शिजलेल्या मांसाचे पातळ काप काढायची. माझ्याकडे असाच एक सहा सुऱ्यांचा सेट आहे, घरभरणीला आलेला. त्यातल्या दोन सुऱ्यांच्या मुठी झिजून गुळगुळीत झाल्यात, उरलेल्या चार आजही आणल्या दिवसासारख्या दिसतात. शिवाय पंधरा हजार आठांत वाटले की एका सुरीच्या वाट्याला दोन हजारसुद्धा येत नाहीत, आणि त्यातच स्टँडची किंमतही धरलेली. तेवढ्याच पैशांत एक खरोखर उत्तम सुरी, एक लहान सुरी, चिरायचा लाकडी पाट आणि धार लावायचा दगड एवढं सगळं येतं आणि वर पैसे उरतात. या चार वस्तू मिळून एक भेट, असं समज. नुसती सुरी दिलीस तर ती सहा महिन्यांत त्या जुन्या सुरीसारखीच होईल.

पण बाजारात जायच्या आधी आईचे हात बघ. तू सुऱ्यांचे फोटो पुष्कळ बघितले असशील, तिला चिरताना नीट बघितलंयस का?

विळीवर पातं हलत नाही, भाजी हलते. पाट पायाखाली दाबलेला असतो, धार आपल्याकडे तोंड करून उभी असते, आणि दोन्ही हातांत धरलेला कांदा आपण तिच्यावर पुढे सारतो. मनगट वाकत नाही. जोर खांद्यातून येतो, थोडा अंगाच्या भारातून. दोन्ही अंगठे धारेच्या दिशेनं जातात आणि केसभर आधी थांबतात. हे थांबणं डोक्यात नसतं, बोटांत असतं. कुणाशी बोलत, दूध उतू जातंय का बघत, मान वळवून चिरणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्यांचं बोट कापत नाही.

सुरीत हे सगळं उलटं होतं. भाजी स्थिर, पातं हलतं. डाव्या हातानं गप्प राहायचं आणि सगळा भार उजव्या मनगटानं उचलायचा. त्यात सुरी बोथट असली की प्रत्येक कांद्याला दाब द्यावा लागतो, आणि पाच किलो भाजीला किती वेळा दाब द्यावा लागेल ते तूच मोज. आईचं मनगट वयानं दुखत नाहीये रे, त्या जुन्या सुरीनं दुखतंय. बोथट पात्यानं कांदा कापला जात नाही, चिरडला जातो. पेशी फुटतात, झोंबणारा वायू जास्त सुटतो आणि डोळ्यांना धारा लागतात. कोथिंबीर चिरल्या जागी काळी पडते तीही याच कारणानं.

तेव्हा आधी एक दिवस व्हिडिओ कॉल कर आणि फोन ओट्यावर टेकवून ठेवायला सांग. गप्पा मार, आणि तिचे हात बघ. सुरी सरळ खाली दाबते, की टोक टेकवून पुढे-मागे झुलवते? माझा अंदाज, सरळ दाबत असेल. विळीवरून आलेला हात सरळच जोर लावतो. मूठ कुठं धरते तेही बघ. आणि ती डावखुरी असेल तर दुकानात तसं सांग, कारण काही पारंपरिक जपानी सुऱ्यांना एकाच बाजूनं धार असते आणि ती उजव्या हाताच्या हिशेबानं केलेली असते.

कुणी तुला सुचवेल की घडीची विळी ओट्यावर ठेव, प्रश्न मिटला. मी हे माझ्या जावेच्या घरी करून पाहिलंय. खाली बसल्यावर पाट पायानं दाबता येतो, ओट्यावर त्याला कोण धरणार? विळी सरकते. पातं छातीपाशी येतं, कोपर वर उचलावं लागतं, तासाभरात खांदा भरून येतो. पावशेर भेंडीला ठीक आहे, पंचवीस डब्यांना नाही.

आता आकार. जी सुरी 'शेफ्स नाइफ' म्हणून विकतात तिचं पातं टोकाकडे चांगलंच वर वळलेलं असतं, कारण ती झुलवून चिरण्यासाठी घडवलेली असते. तुझ्या आईनं ती पद्धत या वयात का शिकावी? तिला सरळ धारेची सुरी हवी. जपानी लोकांची 'सांतोकू' नावाची सुरी असते, सांतोकू म्हणजे तीन गुण. धार जवळजवळ सपाट, पाठ टोकापाशी खाली उतरलेली, पातं रुंद. लांबी १६५ ते १८० मिलिमीटर, म्हणजे साडेसहा-सात इंच. पातं रुंद असल्यामुळं चिरलेली भाजी त्यावरच उचलून पातेल्यात टाकता येते, विळीखालच्या ताटाची उणीव तेवढी कमी भासते. 'नाकिरी' म्हणून आणखी एक प्रकार आहे, चौकोनी पात्याचा, खास भाज्यांसाठीचा. मेथी, शेपू, कोबी यांना तिच्यासारखी सुरी नाही. पण तिला टोक नसतं. भरल्या वांग्यासाठी कृष्णाकाठचं कोवळं वांगं देठ शाबूत ठेवून चार चिरा द्यायचा असतं, तिथं टोकच लागतं. म्हणून सांतोकू. जोडीला तीन-साडेतीन इंचांची लहान सुरी घे, लसूण, आलं, मिरच्यांचे देठ यांच्यासाठी. ती स्वस्तात मिळते, तिच्यात फार जीव अडकवू नकोस.

पोलादाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण फसवणूक इथंच होते.

आईची विळी साध्या कार्बन पोलादाची असणार. ओली राहिली की गंजते, वांगं किंवा कैरी चिरली की पातं काळं पडतं, पण दगडावर चार वेळा घासली की धार परत येते. पोलादात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम घातलं की ते सहजी गंजत नाही, तेच स्टेनलेस. स्टेनलेसमध्येही शेकडो जाती आहेत. जर्मन आणि स्विस सुऱ्यांत बहुतेक वेळा जे पोलाद वापरतात त्याचं नाव एक्स५०सीआरएमओव्ही१५. नाव अवघड दिसतं, पण त्यातच सगळं लिहिलंय: कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम पंधरा टक्के, शिवाय थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात, आणि या पोलादाचा आकडा ५५ ते ५८ च्या दरम्यान येतो. जपानी सुऱ्यांत व्हीजी-१० हे नाव वारंवार दिसेल. त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि कठीणपणा ६० च्या पुढे.

कठीण पोलाद जास्त पातळ धार पेलतं आणि ती धार जास्त दिवस टिकते. जपानी सुरीला दर बाजूला साधारण १५ अंशांचा कोन देतात, जुन्या जर्मन पद्धतीत २० च्या आसपास. म्हणून जपानी सुरी टोमॅटोवर नुसती ठेवली की आत उतरते. पण जे कठीण असतं ते ठिसूळही असतं. लाल भोपळ्यात सुरी अडकली आणि आईनं ती सोडवायला बाजूला पिळली, की धारेचा बारीक तुकडा उडालाच. सुरण आहे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे आहेत, कोबीचा दांडा आहे. जर्मन-स्विस पोलाद अशा वेळी थोडं वाकतं, तुटत नाही, आणि वाकलेली धार सरळ करता येते. नव्यानं सुरी धरणाऱ्या हाताला चूक पोटात घालणारं पोलाद द्यावं.

म्हणून माझं मत असं: आकार जपानी, पोलाद युरोपी. व्हिक्टोरिनॉक्स, व्युस्टहोफ, झ्विलिंग या तिघांच्याही सांतोकू मिळतात. व्हिक्टोरिनॉक्स स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावची, १८८४ पासूनची. आपल्याकडे तिचे लाल खिशातले चाकू सगळ्यांना माहीत असतात, सुऱ्या कमी. या नावातलं 'व्हिक्टोरिया' हे संस्थापकाच्या आईचं नाव, आणि 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद. तिची प्लॅस्टिकच्या खरखरीत मुठीची सुरी साधी दिसते. ती पोलादाच्या पत्र्यातून कापून काढलेली असते, ठोकून घडवलेली नसते, म्हणून हलकी आणि स्वस्तही. पण रोज पाच किलो भाजी चिरणाऱ्या बाईला हलकेपणा हा मोठा गुण वाटेल. व्युस्टहोफ आणि झ्विलिंग या दोन्ही जर्मनीतल्या झोलिंगन शहरच्या, झ्विलिंगची खूण तर १७३१ सालची. तिथली घडीव सुरी जड असते, हातात घेतली की वजनानंच अर्धं काम करते असं वाटतं, आणि किंमतही तशीच. तुझ्या बजेटात एखादी बसेल. पण मी तुझ्या जागी असते तर आईच्या मनगटासाठी हलकी घेतली असती.

दोन खुणा लक्षात ठेव. 'झोलिंगन' हा शब्द पात्यावर घालायला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं बंधन आहे, तिथं घडलेल्या मालावरच तो घालता येतो. आणि झ्विलिंगच्या खुणेत दोन माणसं असतात, जुळी. एकच माणूस असेल तर तो त्याच घराण्याचा दुसरा, स्वस्त माल. तो वाईट असतो असं नाही, पण दोन माणसांची किंमत एका माणसाला देऊ नकोस.

तुझ्या त्या सेटवरच्या लाटांबद्दल. अशी नक्षी असलेल्या खऱ्या जपानी सुरीत मधे कठीण पोलादाचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मऊ पोलादाचे थर ठोकून चिकटवलेले असतात. ते थर घासल्यावर लाटा दिसतात. चिरतो तो गाभा, लाटा फक्त अंगावरचं लुगडं. आणि स्वस्त सुऱ्यांवर तर त्या लाटा थेट लेझरनं छापलेल्या असतात. ओळखायचं कसं? खोक्यावर पोलादाचं नाव शोध. व्हीजी-१० किंवा तसं काही नेमकं नाव आणि बनवणाऱ्याचा पत्ता असेल तर पुढं बोल. नुसतं 'हाय कार्बन स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. जपानी सुऱ्यांची खरी गावं साकाई आणि सेकी. सेटला जपानी नाव आहे म्हणून तो तिथला होत नाही. आईचा हात एक-दोन वर्षांत बसला आणि तिनं आपणहून मागितली, तर तेव्हा सेकीची एखादी चांगली सुरी आण. तेव्हा तिला तिची किंमत कळेल.

खरेदी शक्यतो दुकानात जाऊन कर. पुण्यात मिळेल, आणि आईला भेट आधीच कळली तरी चालणार असेल तर तिलाच घेऊन जा. तुझा तळहात तिच्यापेक्षा मोठा आहे, तुझ्या हातात जी मूठ बसेल ती तिच्या हातात फिरेल. तिला मूठ धरायला लाव, आणि हात थोडा ओला करून पुन्हा धरायला लाव. डब्यांच्या घाईत हात कोरडा कधीच नसतो. सुरी डोळ्यांसमोर धरून पाठीवरून टोकाकडे बघ, पातं सरळ आहे का कळतं, आपण पतंगाची काडी बघायचो तसं. पातं आणि मूठ मिळतात तिथं फट असेल तर सुरी परत ठेव, त्या फटीत ओलं आणि कणीक जाऊन बसते. लाकडी मूठ देखणी असते, पण पाण्यात राहिली की तडकते. तुमच्या घरच्या कामाला प्लॅस्टिकचीच बरी.

पाट घेताना कंजूषी नको. आपल्या घरांत सुऱ्या बोथट होतात त्या भाजीनं नव्हे, भाजीखाली जे असतं त्यानं. स्टीलच्या ताटात चिरणं, थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरणं, काचेचा तो फुलाफुलांचा बोर्ड. धार दर वेळी दगडावर आपटते. आणि पोळपाटावर चिरणं तर डबेवालीच्या घरी नकोच, त्या चिरा पोळीला लागतात. लाकडाचा जाड पाट घे, निदान दीड फूट लांब, म्हणजे चिरलेलं बाजूला सारायला जागा राहील. खाली ओलं फडकं पसरायचं, मग तो जागचा हलत नाही. आई बुटकी असेल तर ओटा तिला उंच पडेल. कोपर किंचित खाली यायला हवं. पायाखाली भक्कम पाट दे, चार बोटं उंची मिळाली तरी खांदा सुटतो.

आता धार. इथं माझ्या हातून एक चांगली सुरी गेलीय, म्हणून जरा जास्त सांगते.

माझ्या भाच्यानं जर्मनीहून येताना एक सुरी आणली होती. दीड-दोन वर्षं लोण्यासारखी चालली, मग मंदावली. गल्लीत सायकलवर दगडी चाक घेऊन धारवाला यायचा, मी त्याच्याकडे दिली. तो पायानं पॅडल मारत होता, चाक गरगरत होतं, ठिणग्यांचा फवारा उडत होता आणि मला वाटत होतं, वा, काय धार लागतीय. सुरी परत हातात आली तेव्हा टोकापाशी दोन बोटं लांब निळी-जांभळी झाक होती, पाण्यावर तेल पडलं की दिसते तशी. त्या दिवशी टोमॅटो झरझर चिरला. आठव्या दिवशी पुन्हा बोथट. परत धार लावली, परत तेच. पुढे एका लोहारमामांना दाखवली. त्यांनी नुसती उजेडात धरली आणि म्हणाले, "बाई, याचं पाणी गेलं."

लोहार पोलादाला 'पाणी देतो', म्हणजे लालभडक तापवून झटक्यात निववतो, त्यानं ते कठीण होतं. मग ते हलक्या आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढतात. कोरड्या चाकावर धार इतकी तापते की ते दिलेलं पाणी उतरतं. निळा रंग दिसला म्हणजे धारेजवळ निदान तीनशे अंशांचा ताप पोचला. पोलाद तिथं मऊ पडलं, आता कितीही घासा, धार टिकणार नाही. तेवढा भाग घासून काढूनच टाकावा लागतो. त्या धारवाल्याचा यात दोष नव्हता. विळ्या, कोयते, खुरपी तो झकास करायचा. त्यांची पाती जाड असतात. पातळ सुरी त्याच्या चाकावर देणं ही माझी चूक. आईच्या नव्या सुरीचं हे होऊ देऊ नकोस.

पाण्याचा दगड घे, हजार नंबरचा. दहा मिनिटं पाण्यात भिजवायचा, ओल्या फडक्यावर ठेवायचा. सुरी आडवी टेकवून पाठ उचलायची. किती उचलायची, तर पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त. पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठीखाली करंगळी जेमतेम जाईल इतकी. तोच कोन धरून हलक्या हातानं पुढे-मागे घासायचं, टोकापासून मुठीपर्यंत, दगड ओला ठेवत. दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवलं की बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर लागली की बाजू बदलायची. शेवटी दोन्ही बाजू अगदी अलगद. वीस मिनिटांचं काम, महिन्या-दीड महिन्यातून एकदा. पहिल्यांदा त्या जुन्या सुरीवर शिक, नव्यावर नको. पुण्याहून येशील तेव्हा हे काम तुझं, असं आईला सांगून टाक. मधल्या काळासाठी एक स्टीलची कांडी मिळते, तिच्यावर रोज चार हात मारले की वाकलेली धार सरळ होते. युरोपी पोलादाला ती चालते, कठीण जपानी पात्यावर मात्र ती वापरू नये. आणि अगदी काहीच नसेल तेव्हा चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड आहेच, आपल्या आया तेच करत आल्या.

मिरजेला गेलास तर सतारमेकर गल्लीत जरूर जा. तिथं आज सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटत गेलं आणि ते हात वाद्यांकडे वळले. मला याचं फार अप्रूप वाटतं. पात्यावर बोट फिरवून खरखर ओळखणारी बोटंच पुढे तारांची जवारी, म्हणजे स्वरातला गुंजारव, काढायला लागली. तू दगडावर सुरी घासताना कान दे, कोन चुकला की आवाज बदलतो.

एक गोष्ट घरी बजावून सांग. नवी सुरी मोरीत खरकट्या भांड्यांच्या ढिगात जाता कामा नये. भांडी घासणाऱ्या मावशींचा हात त्या ढिगात न बघता जातो. विळी उभी असते, दिसते. फेसाच्या पाण्यात बुडालेली सुरी दिसत नाही. चिरून झालं की आईनंच तिथल्या तिथं धुवायची, तारेची घासणी लावायची नाही, पुसायची आणि जागेवर ठेवायची. चमच्यांच्या खणात टाकायची नाही, तिथं धारही मरते आणि बोटंही कापतात. भिंतीवर लावायची चुंबकाची पट्टी मिळते, ती लाव.

राहता राहिली मावशी. तिला उडवून लावू नकोस. धारेची वस्तू हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्यानं उचलावी, हे मलाही आजीनं शिकवलंय, आणि त्यात शहाणपण आहे, हातातून हातात देतानाच लागतं. नात्यात तोड येण्याची भीती युरोपातही आहे. तिथं त्यावर तोडगा असा की घेणाऱ्यानं देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, विकत घेतलेली होते. आईकडून एक रुपया माग आणि तो मावशीसमोर खिशात टाक. तिचंही समाधान होईल.

पण त्याहून चांगलं सुचवू? दसऱ्याच्या दिवशी देऊ नकोस, आदल्या दिवशी खंडेनवमीला दे. त्या दिवशी आपण शस्त्रं पुजतो, आणि घरात शस्त्रं म्हणजे विळी, कोयता, खुरपं, अडकित्ता. धुऊन, पुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू आणि झेंडू. आपल्याकडे धारेला देवाशेजारी जागा आहे, मावशी हे नाकारणार नाही. आईच्या विळीशेजारी नवी सुरी ठेव आणि पूजा तिलाच करू दे. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे. विळी वाईट नाहीच. चौदा वर्षं पंचवीस डबे तिनं ओढले, तुझं शिक्षणही त्यातूनच झालं असणार. ती माळ्यावर टाकू नकोस, मोडीत तर मुळीच देऊ नकोस. गुडघे बरे असतील त्या दिवशी, खोबरं खवायला किंवा एखादी पालेभाजी निवांत चिरायला, आई खुशाल स्टूलवर बसून पुढ्यात बाकावर विळी घेईल. तिचं तिला ठरवू दे.

सुरी धरल्यावर पहिल्या दिवशी कांद्याला हात लावू देऊ नकोस. काकडी, दुधी, मग बटाटा अर्धा करून सपाट बाजू खाली, असं ने. डाव्या हाताची बोटं आत वळवून, मांजर पंजा ठेवतं तशी, आणि अंगठा त्यांच्या मागे. सगळ्यात जपायचं ते याच अंगठ्याला. तो चाळीस वर्षांच्या सवयीनं धारेकडे जाणार. तू शेजारी उभा राहा, अंगठा पुढे आला की फक्त "आई, अंगठा" एवढं म्हण. पंधरा दिवस लागतील. त्या काळात आठ-दहा डबे कमी घेता आले तर बघ. नाहीतर सुट्टी दोन दिवस वाढव, आणि डब्यांची भाजी तू चीर. विळीवर, खाली बसून.